हिवाळ्याच्या तोंडी वस्तीवरील बाहेरची चूल

परतीचा पाऊस ओसरला, ज्वारीची पेरणी उरकली, म्हणजे कुर्डुवाडीच्या आसपासचा शेतकरी थोडा निश्चिंत होतो. बैलांच्या गोठ्याचा, कडब्याच्या गंजीचा व विहिरीवरील मोटारीचा विचार तो वेळेवर करतो. परंतु ज्या चुलीवर साऱ्या वस्तीचे पोट अवलंबून असते, तिची हिवाळ्याची व्यवस्था बहुधा घरातील बायकांवर सोडून दिली जाते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस आला, हे खरे. तथापि ज्वारीची भाकरी, आंघोळीचे पाणी आणि पाव्हण्यांचा स्वयंपाक अद्याप अंगणातील चुलीवरच होतो. म्हणून या विषयाचा येथे थोडा सविस्तर विचार करणे इष्ट वाटते.

पहिली गोष्ट वाऱ्याची. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा असतो; म्हणून चुलीचा आडोसा त्या बाजूस उभा केलेला असतो. थंडी पडू लागली की वारा फिरतो व पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहू लागतो. आडोसा मात्र जागच्या जागीच राहतो! त्यातून आपल्या रिवाजाप्रमाणे स्वयंपाक करणारी पूर्वेकडे तोंड करून बसते. त्यामुळे सारा धूर सरळ तिच्या डोळ्यांत जातो, आणि जाळ तव्याखालून निघून बाहेर फेकला जातो. भाकरीला तर एकसारखी आच लागतच नाही. तेव्हा दिवाळीपूर्वीच आडोसा काढून तो उत्तर व पूर्व या दोन बाजूंस लावावा. दक्षिण बाजू मोकळी ठेवावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सकाळचे कोवळे ऊन तिकडूनच आत येते. वर छप्पर असल्यास आडोसा व छप्पर यांमध्ये हातभर फट ठेवावी, म्हणजे धूर कोंडणार नाही.

आडोसा कशाचा करावा? कडब्याच्या पेंढ्या उभ्या करणे सोपे, पण ते आगीला आमंत्रण होय. तुराट्यांचा किंवा पळकाट्यांचा कूड विणून त्यास दोन्ही अंगांनी शेणमातीचा जाड लेप द्यावा. जुने पत्रे असल्यास त्याहून उत्तम.

दुसरी गोष्ट चुलीची. पावसाळ्यात ओल धरून चुलीस भेगा पडतात व त्यांतून ऊब वाया जाते. निव्वळ काळ्या मातीने लिंपल्यास ती वाळताना आकसते व भेगा पुन्हा पडतात. यास्तव पांढरीची माती, बारीक भुसा व शेण एकत्र मळून, एक रात्र भिजत ठेवून लिंपण करावे. ते सावलीत सुकू द्यावे व प्रथम मंद जाळ करावा. चुलीचा ओटा जमिनीपासून वीतभर उंच असावा, म्हणजे दहिवराची ओल बुडाशी मुरत नाही. रात्री चुलीवर पालथे घमेले झाकावे.

तिसरी गोष्ट जळणाची. ओले लाकूड प्रथम आपल्यातील पाणी उकळण्यातच ऊब खर्च करते व उरलेल्याचा धूर करते. ऑक्टोबरच्या उन्हात गोवऱ्या, तुराट्या व लाकडे उलटसुलट करून वाळवावीत आणि दगड-लाकडांच्या उंचवट्यावर रचून झाकावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरगुती धुराच्या प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हिवाळ्याच्या पहाटे हवा जड व स्थिर असल्याने धूर जमिनीलगतच रेंगाळतो. म्हणून तान्ह्या मुलास ऊब मिळावी या हेतूने चुलीजवळ निजविणे घातक आहे. धुरास नळीवाटे वर काढण्याची युक्ती काही नवी नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ याच हेतूने पुढे आली होती.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. थंडी वाढली की बाहेरच्या चुलीतील निखारे शेगडीत भरून खोलीत नेण्याची व दार लावून निजण्याची चाल आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसास तो जागे होऊ देत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे मुळीच समजू नये. निखारे बाहेरच ठेवावेत, पांघरूण एक अधिक घ्यावे.

१९८० साली उजनी धरण पुरे झाल्यापासून माढा तालुक्यात ऊस वाढला, आणि गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या आपल्या शेतांच्या कडेला येऊन राहू लागल्या. त्यांच्या कोप्या ताडपत्रीच्या, पाचटाच्या. चूल दारातच तीन दगडांची. बाई पहाटेच्या अंधारात भाकरी थापून कोयता घेऊन फडात जाते. मागे विझली न विझली अशी चूल व लहान मूल राहते. वाऱ्याची एक झुळूक सारा संसार जाळावयास पुरेशी होते. ज्याच्या रानात टोळी उतरते, त्या शेतकऱ्याने दोन जुने पत्रे, पाण्याची एक टाकी आणि कोप्यांपासून दूर, वाऱ्याच्या उतारास चुलींची मोकळी जागा करून द्यावी. यास खर्च फारसा नाही, आणि आपला ऊस व आपली गंजी यांचेही त्यात रक्षणच आहे.

कडब्याची गंजी चुलीपासून जितकी दूर, तितकी बरी. तीही वाऱ्याच्या उतारास नसावी. चुलीजवळ भरलेली घागर व ओले पोते नेहमी असावे. हुरड्याची आगटी उठताना पाणी ओतून, माती लोटून विझवावी. राखेखालचे निखारे कित्येक तास जिवंत राहतात. बाहेर गॅसची शेगडी लावल्यास जाळ वाऱ्याने विझून गॅस गळत नाही ना, हे पाहावे, व थंडीने गॅस मंद झाला म्हणून टाकी जाळाजवळ तापवू नये. पदर व शाल खोचून बसावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये; जमिनीवर लोळावे, जाड घोंगडीने जाळ दाबावा. भाजल्या जागेवर हळद, शाई वा तेल न लावता वीस मिनिटे साधे गार पाणी ओतावे व दवाखाना गाठावा.

ही सारी कामे एका दिवसाची आहेत. गोठा शाकारण्यास जसा आपण दिवस काढतो, तसाच एक दिवस पुरुषमंडळींनी या कामासाठी काढावा. घरच्या अन्नपूर्णेचे डोळे व मुलाबाळांचा जीव यांचे मोल एका दिवसाच्या मजुरीहून निश्चितच अधिक आहे.