शुगरची गोळी मिळाली, पण खायचं काय? सल्ला गावातच मिळतो, तोही मोफत

'शुगर निघाली. गोळी दिली आणि गोड बंद करा म्हणाले.' तालुक्याच्या दवाखान्यातून परतणाऱ्या अनेकांच्या हाती एवढंच लागतं. मग कोणी साखर सोडून गुळाचा चहा सुरू करतो, कोणी भात बंद करून चार भाकरी खातो. शुगर काही उतरत नाही. कारण गुळानेही शुगर वाढते, आणि भाकरी ज्वारीची असली तरी जास्त खाल्ली की तिनेही वाढतेच.

सल्ला कुठे मिळेल?
गावचं आरोग्य उपकेंद्र आता अनेक ठिकाणी 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ यांच्या कामात ३० वर्षांवरील लोकांची शुगर-बीपी तपासणी आणि आहाराचा सल्ला, दोन्ही येतं. गरज पडली तर ते 'ई-संजीवनी'वरून डॉक्टरांशी बोलणंही करून देतात. कोणत्या दिवशी जायचं, ते आशाताईंना विचारा.

जाताना काय न्यायचं?
जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि मागच्या दोन दिवसांत काय काय खाल्लं त्याची यादी. चहा किती वेळा घेतला, तेही लिहा. घरात स्वयंपाक जी व्यक्ती करते, तिला सोबत न्या.

हे तीन प्रश्न नक्की विचारा
१. माझ्या कामाच्या मानाने एका वेळी भाकरी किती खायची?
२. उपवास धरला तर गोळीचं काय करायचं? (साबुदाणा आणि बटाट्यानेही शुगर वाढते.)
३. शेतात जेवणाला उशीर झाला तर?

तोपर्यंत घरी
अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव भाग भाकरी किंवा भात, पाव भाग डाळ, उसळ किंवा अंडी. बटाटा भाजीत धरू नका.

हे लक्षात ठेवा
गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास शुगर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी मनाने बंद करू नका. तो बहुतेक वेळा गोळी आणि पथ्य दोन्ही चालू असल्यामुळेच चांगला आलेला असतो.