अवकाशयानाचं कोठीघर

अवकाशयानाचा सिनेमा बघताना घरातलं एखादं मूल हमखास विचारतं, "ही माणसं इतकी वर्षं खातात काय? आणि पाणी कुठून आणतात?" आपण "गोळ्या खातात" असं सांगून मोकळे होतो. पण खरं तर विज्ञानकथेला विचारायचा पहिला प्रश्न हाच. ज्या लेखकांनी त्याचा हिशेब मांडला, त्यांच्या कथा जास्त थरारक झाल्या असं मला वाटतं. तुम्हीच बघा.

आधी हिशेब. नासा एका अंतराळवीरामागे रोज साधारण पावणेचार लिटर पाणी धरते. पिणं, जेवण आणि जेमतेम स्वच्छता, सगळं त्यातच. अन्न, वेष्टणासकट, पावणेदोन किलोच्या आसपास. आता मंगळावर जाऊन यायला हजार दिवस आणि माणसं चार धरा. पाणी झालं पंधरा हजार लिटर आणि अन्न सात टन! भिलाईच्या सेक्टर २ मध्ये घरांच्या छतावर हजार लिटरच्या काळ्या टाक्या दिसतात ना, तशा पंधरा टाक्या रॉकेटवर चढवायच्या. एकेक किलो वर न्यायला इंधन जाळावं लागतं, म्हणून हे परवडत नाही.

सेक्टर २ मध्ये नळ सोडताना आपण असा विचार करत नाही. तांदुळा धरणाचं पाणी कालव्यानं मरोदा जलाशयात येतं, शुद्ध होऊन टाउनशिपमध्ये पोचतं, आणि वापरून झालं की गटारात जातं. तिथून पुढे ते आपलं नसतं. यानात मात्र गटारच नाही. तिथे सांडपाणी हीच विहीर.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नेमकं हेच करतात. घाम आणि श्वासातली वाफ हवेतून गोळा करतात, लघवीचं ऊर्ध्वपातन करतात, गाळतात आणि पुन्हा पितात. नाक मुरडू नका, ते पाणी आपल्या नळाच्या पाण्याइतकंच स्वच्छ असतं. २०२३ मध्ये नासानं जाहीर केलं की शंभर लिटरमधले अठ्ठ्याण्णव लिटर परत मिळवता येतात. म्हणजे त्या पंधरा हजार लिटरपैकी खरी तूट फक्त तीनशे लिटरची. यंत्रं, सुटे भाग आणि फिरतं पाणी न्यावं लागेलच, पण पंधरा टाक्यांचं ओझं उतरलं.

गंमत म्हणजे विज्ञानकथेत सगळ्यात मोठी भांडणं पाण्यावरूनच झाली. आयझॅक असिमॉव्ह यांची १९५२ मधली 'द मार्शियन वे' ही कथा घ्या. मंगळावर वस्ती झाली आहे, यानं उडवायला पाणी लागतं, ते पृथ्वीवरून येतं. पृथ्वीवरचा एक पुढारी ओरड सुरू करतो की हे लोक आमचं पाणी संपवतील. पुरवठा तुटायची वेळ येते, तेव्हा मंगळवासी थेट शनीच्या कड्यांपर्यंत जातात आणि बर्फाचा डोंगर घेऊन परततात. वाचताना मला दुर्गजवळची शिवनाथ आठवली. १९९८ मध्ये तिचा साडेतेवीस किलोमीटरचा पट्टा करार करून एका खासगी कंपनीकडे सोपवला होता आणि काठच्या लोकांना स्वतःच्याच नदीत अटकाव झाला. पाणी कोणाचं, हा वाद करायला मंगळावर जावं लागत नाही.

अन्नाचं काय? इथे लेखक फार वेळा पळवाट काढतात. ज्यूल व्हर्नच्या 'अराउंड द मून'मधले प्रवासी चंद्राकडे जाताना लीबिगच्या गोळ्यांचं सूप आणि वाइन घेतात. प्रवास काही दिवसांचा, त्यामुळे ते चालून जातं. 'स्टार ट्रेक'मध्ये कप्तान नुसता चहा मागतो आणि रिप्लिकेटर यंत्रातून गरम कप बाहेर येतो. सोयीचं आहे, पण कोठीघराची चिंता संपली की कथेतली एक धास्तीही संपते.

'२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटात हुशार तोड आहे. पाचातले तिघे शीतनिद्रेत ठेवलेत, कारण झोपलेला माणूस जेवत नाही आणि हवाही कमी वापरतो. आपल्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं, ती कथा होती 'कृष्णविवर'. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो हे तुम्ही ऐकलं असेल. पृथ्वीवर कितीतरी वर्षं उलटतात आणि प्रवाशाला मात्र थोड्याच दिवसांचा शिधा पुरतो. स्वयंपाकघराच्या नजरेनं सापेक्षता बघायला काय हरकत आहे?

पण पोटाचा खरा हिशेब मांडला तो अँडी विअरनं, 'द मार्शियन'मध्ये. मंगळावर एकटा उरलेला मार्क वॉटनी जेवणासाठी आणलेले बटाटे लावतो, मैल्याचं खत करतो, आणि रॉकेटच्या हायड्राझिन इंधनातून हायड्रोजन काढून, तो जाळून पाणी बनवतो. (घरी अजिबात करू नका, त्याचाही स्फोट झालाच होता.) पुढचा तपशील मला जास्त आवडतो. त्याच्यासाठी घाईघाईनं पाठवलेलं अन्नाचं रॉकेट कोसळतं, कारण प्रथिनांच्या घट्ट वड्या उड्डाणाच्या हादऱ्यांनी पातळ होतात आणि वजन एका बाजूला सरकतं. डबा नीट भरला नाही की आमटी सांडते, तसंच!

मग यानात शेतीच का करू नये? अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसं 'बायोस्फिअर २' नावाच्या बंद काचघरात दोन वर्षं राहिली. सव्वा हेक्टरच्या जागेत बहुतेक अन्न त्यांनीच पिकवलं. बीट, रताळी आणि केळी खाऊन खाऊन कंटाळले, सगळ्यांचं वजन घटलं. त्याहून वाईट म्हणजे मातीतले जिवाणू प्राणवायू खात राहिले. तो २१ टक्क्यांवरून साडेचौदावर आला आणि शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. पृथ्वीवर दार उघडता येतं, वाटेत नाही.

म्हणून आज तरी मुख्य जेवण पाकिटातलंच. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले, तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं रव्याचा शिरा आणि आलू-छोले पाठवले होते. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले. पण पाकिटाची एक खोड आहे. वर्षानुवर्षं ठेवलं की पोट भरतं, पण क आणि ब१ ही जीवनसत्त्वं घटत जातात. हजार दिवसांच्या प्रवासात हीच गोष्ट जिवावर बेतू शकते.

शुक्ला यांच्या सामानात म्हणूनच मूग आणि मेथीचे दाणेही होते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठानं आणि आयआयटीनं आखलेला तो प्रयोग. वजनरहित अवस्थेत त्यांनी दाण्यांना पाणी दिलं, मोड येऊ दिले, त्यांचे फोटो काढले आणि तपासणीसाठी शीतपेटीत ठेवून परत आणले. कोरड्या मुगाला जागा कमी लागते, तो टिकतो, माती मागत नाही, आणि मोड आले की कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व त्यात तयार होतं. सात टनांच्या पाकिटांशेजारी दोन-चार किलो मूग ठेवायला कुठल्याही यानात जागा निघेल. फोडणीचं काय करायचं, ते मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.