रक्तगटाचा वाटा किती, साखरेचा किती?

आपला रक्तगट कोरोनापासून वाचवेल की त्याच्या तावडीत देईल, हा प्रश्न साथीच्या पहिल्याच महिन्यांत घराघरांत शिरला. त्याचं मूळ मार्च 2020 मधल्या एका चिनी अभ्यासात आहे. वुहानच्या जिनयिनतान रुग्णालयातल्या 1775 रुग्णांपैकी 37.75 टक्के ‘ए’ गटाचे निघाले. शहरातल्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण 32.16 टक्के होतं. ‘ओ’ गटाचे मात्र 33.84 टक्के अपेक्षित असताना 25.80 टक्केच भरले. पुढे 2021 मध्ये सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांतले कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय अशा दहा हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत ‘बी’ आणि ‘एबी’ गटांवर बोट ठेवलं गेलं. विषाणू एकच, मग वुहानमध्ये ‘ए’ आणि भारतात ‘बी’ कसा? माझं म्हणणं असं आहे की रक्तगटाचा परिणाम खरा आहे, पण तो लहान आहे आणि मुख्यतः लागण होण्यापुरता आहे. आजार जिवावर बेततो की नाही, हे त्याहून कितीतरी जास्त ठरतं ते वयावर आणि शरीरात आधीपासून मुक्काम ठोकून असलेल्या आजारांवर.

अशा आकड्यांकडे बघताना पहिला प्रश्न विचारायचा तो ‘तुलना कोणाशी?’ हा. त्याचं महत्त्व शंभर वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या सॅलोनिकाच्या आघाडीवर दिसून आलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते. हान्ना आणि लुडविक हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टर दांपत्याने ही संधी साधली. रक्ताचा थेंब, त्यावर ज्ञात गटाच्या रक्तद्रवाचा थेंब, आणि मग काही क्षण वाट पाहणं: गट जुळला तर लाली एकसारखी पसरलेली राहते, नाही तर दूध फाटावं तशा बारीक लाल गुठळ्या धरतात. अशा हजारो चाचण्या त्यांनी केल्या. इंग्रज सैनिकांत ‘ए’ सुमारे 43 टक्के आणि ‘बी’ जेमतेम 7 टक्के आढळला. भारतीय सैनिकांत ‘ए’ 19 टक्के, तर ‘बी’ 41 टक्के. त्यावरून त्यांनी मांडलेली, ‘ए’ आणि ‘बी’ या दोन वेगळ्या मूळ वंशांच्या खुणा असल्याची कल्पना पुढे टिकली नाही, पण मोजणीचा धडा टिकला.  माणसं कुठली, यावर रक्तगटांचं प्रमाण बदलतं, हे त्या दोघांनी 1919 च्या ‘लॅन्सेट’मधल्या लेखात दाखवलं. त्यामुळे रुग्णांची तुलना चुकीच्या लोकसमूहाशी झाली, तर विषाणूने काहीही न करता एखादा गट दोषी दिसू शकतो.

यावर कुणी म्हणेल, मग हा सगळा आकड्यांचाच खेळ का? तसंही नाही. जून 2020 मध्ये इटली आणि स्पेनमधल्या, श्वसन निकामी झालेल्या 1610 रुग्णांचा जनुकीय अभ्यास आला. त्यात वंशभेदाचा हिशेब लावूनही रक्तगट ठरवणारं जनुक पुढे आलंच. त्यामागे पटण्याजोगी कारणंही आहेत. ‘ओ’ गटाच्या रक्तात ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडं असतात. परक्या गटाच्या शरीरातून आलेल्या विषाणूला ती थोडा अडथळा करत असावीत. शिवाय रक्त गोठण्यासाठी लागणारा एक घटक ‘ओ’ गटात सुमारे पाव हिश्शाने कमी असतो; त्यामुळे कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही थोडा कमी असावा. पण परिणाम केवढा, ते डेन्मार्कच्या आकड्यांत पाहा: लागण झालेल्या 7422 जणांत ‘ओ’ गट 38.4 टक्के, तुलनेच्या लोकसंख्येत 41.7 टक्के. म्हणजे शंभर बाधितांमागे तीन-चार जणांचा फरक. लागण झालेल्यांपैकी कोण रुग्णालयात गेलं आणि कोण दगावलं, याच्याशी रक्तगटाचा संबंध तिथे आढळला नाही. इटली-स्पेनच्या त्याच अभ्यासात तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक भाग आजाराच्या तीव्रतेशी अधिक ठळकपणे जोडलेला होता. मथळे मात्र रक्तगटाला मिळाले, कारण तो मुलांच्या शाळेच्या ओळखपत्रावरही छापलेला असतो.

आता हे आधीच्या आजारांशेजारी ठेवा. इंग्लंडमधल्या 1 कोटी 72 लाख प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पन्नाशीतल्या माणसाच्या तुलनेत ऐंशीपुढच्या माणसाला कोरोनाने मृत्यू येण्याचा धोका वीसपट निघाला, आणि मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मधुमेह आटोक्यात नसलेल्यांचा जवळजवळ दुप्पट. साखर सतत चढी राहिली की रक्तवाहिन्यांचं अस्तर आधीच दुखावलेलं असतं आणि पांढऱ्या पेशी मंदावलेल्या असतात. विषाणू नेमका तिथेच घाव घालतो. 2021 च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचं, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चं, जे भयानक रूप पाहिलं, त्याच्या मुळाशीही बहुतेकदा अनियंत्रित मधुमेह आणि त्यात स्टेरॉइडने आणखी चढलेली साखर हीच जोडी होती.

धोका थोडासाच असला तरी तो माहीत असलेला बरा, हा आक्षेपही रास्त वाटतो. पण सीएसआयआरच्या त्याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांमध्येही कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, कमी आढळली होती. त्यावरून सिगारेट ओढण्याचा सल्ला कुणी देणार नाही. आकड्यांत दिसणारा संबंध आणि वागण्याचा नियम यांच्यात बरंच अंतर असतं. ‘ओ’ गटाच्या भरवशावर मास्क उतरवणारा माणूस आणि ‘ए’ गटाच्या धास्तीने झोप उडालेला माणूस, दोघांनीही एकाच लहान आकड्याचा मोठा अर्थ लावलेला असतो. रक्तगट जन्मभर तोच राहतो, त्याच्यासाठी करण्यासारखं काही नसतं. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तदाब मात्र औषधाने, खाण्याने, चालण्याने खाली येतात. पुढची साथ येईल तेव्हा घरातल्या फाइलमध्ये रक्तगटाच्या चिठ्ठीआधी हे दोन ताजे आकडे सापडले पाहिजेत.