संत्र्यातल्या हेस्पेरिडिनचा माग

हेस्पेरिडिन हा गोड संत्र्यातला प्रमुख फ्लॅव्होनॉइड. लेब्रेतों या फ्रेंच रसायनज्ञाने 1828 मध्ये तो सालीच्या आतल्या पांढऱ्या, भुसभुशीत थरातून वेगळा केला. पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे नीट उलगडायला मात्र पावणेदोनशे वर्षे लागली.

मधल्या काळात त्याला जीवनसत्त्वाचा मानही मिळाला. हंगेरीत 1936 मध्ये रुझन्याक आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबाच्या रसातल्या ‘सिट्रिन’ने केशवाहिन्यांचा ठिसूळपणा कमी होतो असे मांडले आणि त्याला ‘जीवनसत्त्व पी’ म्हटले. सिट्रिनमध्ये हेस्पेरिडिन होते. पण त्याच्या अभावाने होणारा रोग काही सिद्ध झाला नाही आणि 1950 च्या सुमारास ते नाव मागे पडले.

खरी दिशा आतड्यातल्या जिवाणूंनी दाखवली. ग्रिफिथ्स आणि बॅरो यांनी 1972 मध्ये जिवाणूविरहित उंदरांना फ्लॅव्होनॉइड खाऊ घातले. एरवी लघवीत सापडणारी, रेणू फुटून होणारी फिनॉलिक आम्ले या उंदरांत तयारच झाली नाहीत. म्हणजे ही मोडतोड उंदराच्या स्वतःच्या पेशींची नव्हती.

जिवाणू का लागतात, याचे उत्तर रेणूला जोडलेल्या साखरेत आहे. नुसते ग्लुकोज जोडलेले असेल तर लहान आतड्याच्या अस्तरातली विकरे ते तोडतात. हेस्पेरिडिनला ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज यांची जोडी चिकटलेली असते. ती सोडवणारे विकर माणसाकडे नाही. म्हणून बहुतेक हेस्पेरिडिन तसेच मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तिथले जिवाणू साखर काढून हेस्पेरेटिन मोकळे करतात. फ्रान्समधल्या 2003 च्या अभ्यासात संत्र्याचा रस प्यायल्यावर रक्तातली पातळी 5 ते 6 तासांनी शिखरावर गेली, ती या लांबच्या प्रवासामुळेच. याचा सर्वांत सुबक पुरावा 2006 मध्ये मिळाला. रसातल्या हेस्पेरिडिनमधले ऱ्हॅम्नोज विकराने आधीच काढून टाकले, तेव्हा 7 तासांवरचे शिखर सुमारे अर्ध्या तासावर आले आणि जवळपास चौपट उंच झाले.

शोषलेले हेस्पेरेटिनही मोकळे फिरत नाही. आतड्याची भिंत आणि यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतात. रक्तात जवळजवळ सगळे याच जोडरूपात असते. मूळ रेणूच शोधत राहिल्याने बराच काळ शोषण नगण्य वाटले. जोडरूपे मोजली तरी 2003 च्या अभ्यासात घेतलेल्या मात्रेच्या जेमतेम 4 ते 6 टक्केच लघवीत दिसली.

उरलेल्याचा हिशेब 2014 मध्ये बराचसा लागला. जिवाणूंनी मोडून केलेली लहान आम्लेही त्या वर्षी मोजली गेली आणि त्यांचा वाटा जोडरूपांपेक्षा कितीतरी मोठा निघाला. शस्त्रक्रियेने मोठे आतडे काढलेल्यांत ही आम्ले फारच कमी असतात. निरोगी माणसांतही त्यांचे प्रमाण सारखे नसते, कारण प्रत्येकाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती वेगळी असते.