पोचपावतीचे मोल

लालबागच्या चाळीतली आई मुलाच्या जन्मदाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसात तीन खेपा घालते. दर खेपेला रोज बुडतो. ‘उद्या या’ या तोंडी उत्तराविरुद्ध दाद कुठे मागावी?

अशा गाऱ्हाण्यांसाठी स्वीडनने १८०९ साली ओम्बुड्समन हे पद निर्मिले. महाराष्ट्रात १९७२ साली लोकायुक्त आले. मात्र चौकशीअंती त्यांच्या हाती शिफारसच असे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने जन्मदाखल्यासारख्या सेवांना मुदत घातली, अपील दिले, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. पण मुदत अर्ज पोचल्या दिवसापासून मोजतात, आणि तो दिवस सिद्ध करते पोचपावती.

युनियनच्या कामात मी हेच शिकलो : तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. तेव्हा पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.