उंदराच्या रक्तात हृदयाचा माग

नागपुरातल्या औषधशास्त्राच्या प्रबंधांत एक प्रयोग हमखास भेटतो. पांढऱ्या उंदराला आयसोप्रोटेरेनॉल हे औषध दोनदा टोचायचं, हृदयाच्या स्नायूला इजा करायची आणि अर्जुनसालीच्या अर्काने ती किती टळली ते रक्तात पाहायचं. इजा करण्याची ही युक्ती जुनी आहे. १९५९ साली मॉन्ट्रियलच्या रोना आणि सहकाऱ्यांनी ती मांडली आणि किलो वजनामागे ८५ मिलिग्रॅमचा डोसही तिच्यासोबत आपल्याकडे रुळला.

त्याआधी, १९५४ मध्ये, न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना हार्ट अटॅकच्या रुग्णांच्या रक्तात एसजीओटी हे एन्झाइम वाढलेलं दिसलं होतं. मग एलडीएच, सीपीके, सीके-एमबी आले. प्रयोगशाळांनी ते सगळे घेतले, पण यांतला एकही हृदयाशी एकनिष्ठ नाही. एसजीओटी यकृतातूनही येतं. मांडीच्या स्नायूत सुई टोचली तरी सीपीके चढतं. एलडीएच तांबड्या पेशींत ठासून भरलेलं असतं. रक्त काढताना पेशी फुटल्या की आकडा फुगलाच. नागपूरच्या मे महिन्यात नमुना बर्फावर ठेवायला उशीर झाला, तर हिशेब विचारूच नका.

एकनिष्ठ खूण पुढे ट्रोपोनिनमध्ये मिळाली. स्नायूंतलं हे प्रथिन जपानच्या एबाशींनी साठच्या दशकातच शोधलं होतं. त्याचा हृदयातला प्रकार रक्तात मोजता येऊ लागला तो ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. २००० साली तो हार्ट अटॅकच्या व्याख्येत शिरला आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने उंदीर व कुत्र्यांवरच्या औषधचाचण्यांसाठी त्याला मान्यता दिली. मोठा फायदा असा, की इजा कळण्यासाठी प्राणी मारून हृदयाचे काप काढेपर्यंत थांबावं लागत नाही. त्याच प्राण्याचा माग पुन्हापुन्हा घेता येतो. कापांचं काम मात्र सुटलेलं नाही. इजा कुठे आणि कशी, हे अजून सूक्ष्मदर्शकच सांगतो.

तरीही प्रबंधांत जुन्या एन्झाइमांचे तक्ते टिकून आहेत. पैसा हे एक कारण: ट्रोपोनिनचा किट महाग, आणि माणसांसाठी बनवलेला प्रत्येक किट उंदराचं ट्रोपोनिन नीट ओळखेलच असं नाही. पण मला जास्त खुपते ती सवय. आयसोप्रोटेरेनॉल दिल्यावर उंदराचं ट्रोपोनिन काही तासांतच शिखर गाठतं आणि दिवसा-दोन दिवसांत बरंच ओसरतं. आपला ठरलेला नमुना मात्र दुसऱ्या इंजेक्शननंतर चोवीस तासांनी, म्हणजे एन्झाइमांच्या जमान्यातल्या वेळेला. शिखर पकडायचं तर सकाळी टोचून दुपारीच रक्त काढावं लागेल, आणि त्यासाठी प्राणिगृहाचं वेळापत्रक बदलावं लागेल.