संगणकाची किल्ली कुणाकडे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला. जुन्या सातबाऱ्यांपासून यात्रेच्या मानकऱ्यांपर्यंत सगळं त्यात आहे. २००२ साली त्यांनी तो तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतला आणि दीडशे प्रती छापल्या. त्या संपल्या. दुकानदाराने मूळ फाइल सीडीवर घालून दिली होती, ती गुरुजींनी कपाटात जपून ठेवली. आता वय ऐंशीच्या पुढे गेलं, आणि गावातल्या पोरांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. तेव्हा ती सीडी बाहेर निघाली.

सीडी चालली, फाइलही दिसली. पण ती उघडेना. ज्या प्रोग्राममध्ये पुस्तक बसवलं होतं, तो आता कुणाकडे नाही. मराठी टायपिंगचं जे सॉफ्टवेअर होतं, ते चालायला संगणकाच्या मागच्या बाजूला ‘डोंगल’ नावाचं एक छोटं कुलूप खोचावं लागे. दुकान बंद झालं, त्याबरोबर कुलूपही गेलं. शिवाय ते खोचायची जागाच आजच्या संगणकाला नसते. एकाने खटपट करून फाइल कशीबशी उघडली, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा काला. गुरुजी म्हणाले, “अरे, लिहिलं मी, पैसे मोजले मी. मग किल्ली दुसऱ्याकडे कशी?”

गुरुजींचा हा प्रश्न संगणक वापरणाऱ्या आपल्या सर्वांचाच आहे. त्याचं एक उत्तर गेल्या चाळीस वर्षांत तयार झालं आहे, त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे फुकट आणि स्वतंत्र असे दोन अर्थ होतात, म्हणून तिकडे याबद्दल फार गैरसमज झाले. मराठीत आपल्याकडे मोफत आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत. मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ते आपल्या हाती आहे. मोबाइलवर फुकट मिळणारे कितीतरी प्रोग्राम मुक्त नसतात, आणि मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायलाही कुणाची हरकत नसते.

हे ‘हाती असणं’ म्हणजे काय? बाजारातून गोडा मसाल्याची पुडी आणली, तर मसाला मिळतो, पण त्यात दगडफूल किती, धने किती, हे कळत नाही. उद्या त्या कंपनीने चव बदलली किंवा दुकान बंद केलं, तर आपण काही करू शकत नाही. आजीने वहीत प्रमाण लिहून दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. तो मसाला आपण करू शकतो, तिखट कमीजास्त करू शकतो, वही शेजारणीला देऊ शकतो. प्रोग्रामचंही असंच आहे. प्रोग्रामर आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत सूचना लिहितो. ही मूळ संहिता, म्हणजे ‘सोर्स कोड’. मग तिचं यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होतं. नेहमीच्या व्यापारी प्रोग्राममध्ये आपल्याला नुसते आकडे मिळतात, म्हणजे पुडी मिळते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पुडीबरोबर वहीही मिळते. त्याबरोबर चार हक्क येतात: प्रोग्राम हव्या त्या कामाला वापरण्याचा, तो कसा चालतो हे पाहून त्यात बदल करण्याचा, त्याची प्रत दुसऱ्याला देण्याचा आणि आपण सुधारलेली प्रत वाटण्याचा.

या कल्पनेची सुरुवात एका प्रिंटरपासून झाली असं सांगतात. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण प्रोग्रामर काम करत होता. प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, की लोकांना पडद्यावर तसा निरोप जावा, अशी सोय त्या मंडळींनी जुन्या यंत्रात केली होती. नवा प्रिंटर आला तो मूळ संहितेशिवाय. ज्याच्याकडे संहिता होती, त्याने ती कुणाला न देण्याचं वचन दिलेलं. कागद अडकत राहिला. ही गोष्ट स्टॉलमनच्या मनाला लागली. १९८३ साली त्याने संपूर्ण मुक्त अशी संगणकप्रणाली लिहिण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, आणि १९८९ मध्ये एक परवाना लिहिला. त्यातली मुख्य अट अशी: हे घ्या, बदला, वाटा, पण पुढे ज्याला द्याल त्यालाही हेच हक्क द्या. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी इथे लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला. तोच लिनक्स.

“आम्ही कुठे लिनक्स वापरतो?” असं तुम्ही म्हणाल. तुमच्या हातात अँड्रॉइडचा फोन असेल, तर त्याचा गाभा लिनक्सच आहे. आपण ज्या वेबसाइट पाहतो, त्यांपैकी पुष्कळ लिनक्सच्या यंत्रांवर चालतात. इंटरनेट पाहायचा फायरफॉक्स, कुठलीही चित्रफीत उघडणारा केशरी शंकूचा व्हीएलसी, फोटो सुधारायचा गिंप, चित्रं आणि पोस्टर काढायचं इंकस्केप हे सगळे मुक्त प्रोग्राम आहेत. विंडोजवरही ते चालतात. ब्लेंडर या मुक्त प्रोग्रामवर तयार केलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तेव्हा ‘फुकटचं ते हलकं’ हा समज आता सोडायला हरकत नाही.

हे करणाऱ्यांचं पोट कसं भरतं, असा प्रश्न नेहमी येतो. काही जण हौसेने करतात, पण मोठ्या प्रकल्पांत पगारी माणसं बरीच असतात. कंपन्या प्रोग्राम मुक्त ठेवतात आणि तो बसवून देण्याचे, सांभाळण्याचे, अडचण सोडवण्याचे पैसे घेतात. लिनक्सवर असाच व्यवसाय उभा करणारी रेड हॅट ही कंपनी २०१९ साली आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

मुक्ततेचा सामान्य माणसाला काय उपयोग, हे लिबरऑफिसच्या गोष्टीतून नीट कळतं. पत्रं लिहायची, हिशेब मांडायचे, भाषणाबरोबर दाखवायच्या स्लाइड करायच्या, ही रोजची कामं त्यात होतात. त्याचा पूर्वज स्टारऑफिस हा जर्मनीतला व्यापारी प्रोग्राम. १९९९ मध्ये सन या अमेरिकन कंपनीने तो घेतला आणि २००० मध्ये त्याची संहिता खुली करून ओपनऑफिस सुरू केलं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. आता आपल्या प्रोग्रामचं काय होणार, अशी धास्ती त्यावर काम करणाऱ्यांना वाटली. प्रोग्राम व्यापारी असता, तर हात चोळत बसावं लागलं असतं. पण इथे जमीन विकली गेली तरी बियाणं घरोघरी होतं. सप्टेंबर २०१० मध्ये त्या मंडळींनी संहितेची प्रत घेतली, लिबरऑफिस हे नाव दिलं आणि काम पुढे चालू ठेवलं. बर्लिनमधली द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. मालक बदलला, पण वापरणाऱ्यांच्या फाइली अडकल्या नाहीत.

लिबरऑफिस ज्या स्वरूपात फाइल साठवतं, त्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याची रचना जाहीर आहे. म्हणजे उद्या लिबरऑफिस बंद पडलं, तरी ती फाइल वाचणारा दुसरा प्रोग्राम कुणीही लिहू शकेल. गुरुजींच्या सीडीत नेमकी हीच सोय नव्हती.

आता आपल्या भाषेचं पाहू. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर गिचमिड. युनिकोड या मानकात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर टिकतो. पण अक्षर पडद्यावर नीट उमटायलाही जाणकार लागतात. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यांना मजुरी. हा ‘र’चा फरक हजारो मैलांवरच्या प्रोग्रामरला ठाऊक असेल अशी अपेक्षा कशी करायची? संहिता खुली असेल, तर इथला माणूस ती चूक दाखवू शकतो आणि स्वतः दुरुस्तही करू शकतो. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीतून वापरता येतात, ते मराठी माणसांनी शब्द न् शब्द भाषांतरित केला म्हणून. रेड हॅटने २००४ साली भारतीय भाषांचे ‘लोहित’ फॉन्ट खुले केले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देखणे फॉन्टही कुणीही पुस्तकात, पाटीवर, लग्नपत्रिकेत बिनदिक्कत वापरावेत असे आहेत.

या सगळ्याची निकड वाढायला अलीकडे आणखी एक कारण झालं. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्षाची मुदत दिली गेली. विंडोज ११ साठी जे भाग लागतात, ते घरोघरच्या कित्येक जुन्या संगणकांत नाहीत. यंत्र धडधाकट असूनही भंगारात काढायची वेळ येते. तसं करण्याआधी लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसवून पाहावं. त्यासाठी आधीचं काही पुसावं लागत नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन तिथूनच संगणक सुरू करता येतो. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते पाहावं, पसंत पडलं तर पुढे जावं. मात्र कायमचं बसवताना आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळी काढून ठेवावी.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. हिशेबाचे काही प्रचलित प्रोग्राम लिनक्सवर थेट चालत नाहीत. काही प्रिंटर हटवादी असतात. वर्डमध्ये केलेली गुंतागुंतीची फाइल लिबरऑफिसमध्ये थोडी हलते, तक्ते इकडचे तिकडे होतात. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला लिनक्सची सवय असेलच असं नाही. आणि खुलं म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्राममध्ये एक गंभीर चूक सुमारे दोन वर्षं तशीच होती. ती २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने उघडकीस आली. वही सर्वांसाठी उघडी होती, पण पुरेशा लोकांनी ती वाचली नव्हती. तरीही दुकानदाराने ‘टाकून दिलेल्या’ चोरट्या प्रतीपेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. त्या प्रतीत कुणी काय मिसळलं आहे हे आपल्याला कळत नाही, आणि ती चोरी असतेच.

शिकायची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिससारख्या प्रोग्रामचे छोटे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. केरळने तर आपल्या शाळांमधलं संगणकशिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. तिथली मुलं त्यावर शिकून मोठी झाली.

सगळं एकदम बदलायची गरज नाही. आहे त्या विंडोजवर आधी लिबरऑफिस घ्या, महिनाभर वापरा. जपून ठेवायची कागदपत्रं युनिकोडमध्ये टाइप करा आणि खुल्या स्वरूपात साठवा. घरातलं कुणी जुन्या फॉन्टमध्ये काही लिहून ठेवलं असेल, तर ते आजच बाहेर काढा. माहीतगार माणसं आणि जुने संगणक शिल्लक आहेत, तोवर ते काम सोपं आहे.

गुरुजींच्या पुस्तकाचं पुढे काय झालं? त्यांच्या भाच्याने तो काला अक्षर-परिवर्तक प्रोग्राममधून काढला. बरंचसं युनिकोडमध्ये नीट आलं, जोडाक्षरं मात्र बिघडली. मग मामा-भाचे आठ-दहा रविवार छापील प्रत शेजारी घेऊन बसले आणि ओळ न् ओळ तपासली. आता ती फाइल खुल्या स्वरूपात तीन ठिकाणी ठेवली आहे. तपासताना गुरुजींना मूळ पुस्तकातल्या चार चुका सापडल्या, दोन मानकऱ्यांची नावं राहून गेली होती. तीही या वेळी घातली.